विहिरीत कंदील का सोडतात, आणि हिमयुगातला कार्बन कुठे गेला होता?

अंबाझरीकाठ | सोमवार, रात्री ९:५०

काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग होती. बागेतली विहीर साठ फूट खोल. वरचे वीसेक फूट बांधीव, खाली नुसता काळा पाषाण. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचं काम निघायचं. माणूस आत उतरण्याआधी बाबा पेटत्या कंदिलाला दोर बांधून तो हळूहळू खाली सोडायचे आणि आम्ही भावंडं काठावर पालथी पडून बघायचो. अर्ध्यापर्यंत ज्योत नीट असायची. मग पिवळट व्हायची, आखूड व्हायची, आणि एका ठरावीक हाताला आली की विझायची. बाबा कंदील वर ओढून पुन्हा पेटवायचे, पुन्हा सोडायचे. पुन्हा तिथेच विझायचा. दोराला त्या जागी ते गाठ मारायचे आणि म्हणायचे, "याच्या खाली हवा मेलेली आहे."

मग कडुलिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून तासभर वरखाली, वरखाली. काठावर कुबट, ओला वास यायला लागायचा. पुन्हा कंदील. आता गाठ पाण्याजवळ सरकलेली असायची. ज्योत पाण्यापर्यंत टिकली तरच गडी उतरायचा.

विहिरीत पडलेला पाला, मेलेले किडे, शेवाळ तळाशी कुजतं. कुजताना प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा दीडपट जड. वरची हवा खाली जात नाही, खालची वर येत नाही. एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण हेच गणित समुद्राला, तेही हिमयुगातल्या समुद्राला लागू पडेल असं मला गेल्या महिन्यापर्यंत वाटलं नव्हतं. नागपुरातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. "थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो, म्हणून हिमयुगात समुद्राने कार्बन शोषला" असं दर वर्षी वर्गात सांगितलं. ते अर्धवट होतं. माझी भाची गोव्याला समुद्रतळाच्या गाळावर काम करते. ती सुट्टीत आली होती, तिने मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. तो इथे मांडते, कारण माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुलं हा धागा वाचत असतील.

अंटार्क्टिकाच्या बर्फात जुनी हवा बुडबुड्यांच्या रूपात अडकलेली आहे. व्होस्टॉक इथल्या बर्फातून ४ लाख २० हजार वर्षांची नोंद १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे डोम सी इथल्या बर्फाने ती ८ लाख वर्षांपर्यंत मागे नेली. गेल्या चार लाख वर्षांत उबदार काळात हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड साधारण २८० भाग, आणि हिमयुग ऐन भरात असताना १८० ते १९०. शेवटचं हिमयुग सुमारे २० हजार वर्षांपूर्वी भरात होतं. हवेतला एक भाग म्हणजे २.१ अब्ज टन कार्बन. तेव्हा ९० भाग कमी म्हणजे जवळपास १९० अब्ज टन कार्बन हवेतून गायब!

जंगलांनी घेतला म्हणावं, तर जमिनीचीच तेव्हा पडती होती. कॅनडा आणि उत्तर युरोपवर बर्फाचे डोंगर, इकडे पावसाळा कमजोर. आपल्या महाराष्ट्रात चाळीसगावजवळ पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांची नक्षी कोरलेली कवचं सापडली आहेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. शहामृग उघड्या, कोरड्या रानात राहणारा पक्षी. म्हणजे जमिनीवरची झाडं-माती स्वतःच कार्बन सोडत होती. खडकांचा व्यवहार फार संथ, तो एवढ्या वेळात जमत नाही. उरला समुद्र. समुद्रात आज सुमारे ३८ हजार अब्ज टन कार्बन आहे, कारखाने सुरू होण्याआधीच्या हवेत होता त्याच्या साठ पटींहून जास्त. हवेने गमावलेलं आणि जमिनीने गमावलेलं, दोन्ही त्याच्याच पोटात गेलं.

आता माझ्या जुन्या उत्तराचा हिशेब. समुद्र थंड झाला, त्याने हवेतले ३० भाग ओढले. पण १२० मीटर उंचीचं पाणी बर्फ होऊन जमिनीवर बसलं, त्यामुळे उरलेला समुद्र जास्त खारट झाला, आणि खारट पाण्यात वायू कमी मावतो. ६-७ भाग परत. जमिनीवरून सुटलेल्या कार्बनमुळे आणखी १५ भाग परत. ९० पैकी हातात राहिले दहासुद्धा नाहीत! ती बेरीज मी तीनदा केली. एकतीस वर्षांच्या बॅचेस डोळ्यांपुढून गेल्या.

मग बाकीचे ८० भाग कसे गेले? समुद्राच्या वरच्या उजेडातल्या थरात डोळ्याला न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात. त्या कार्बन घेतात, मरतात, खाल्ल्या जातात, आणि त्यांचा कचरा खाली पडत राहतो. खोल अंधारात तो कुजतो. प्राणवायू संपतो, कार्बन पाण्यात मिसळतो. हुबेहूब आमची विहीर. हे पाणी पुन्हा वर आलं की कार्बन हवेत सुटतो, आणि ते वर येण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर. तिथे पश्चिमी वारे वरचं पाणी ढकलत नेतात आणि त्याच्या जागी दोन-तीन किलोमीटर खोलीचं पाणी वर येतं. हिमयुगात ही वाट जवळजवळ बंद झाली. समुद्रावर बर्फाचं झाकण वाढलं, तळाचं पाणी जड झालं, वरखाली मिसळणं मंदावलं. कचरा खाली पडत राहिला, खालचा कार्बन वर येईना.

झाकणाबद्दल अजून खूप लिहायचं आहे. पण आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

---

वऱ्हाडी माणूस | सोमवार, रात्री १०:३५

ताई, लय भारी लिवलं. कंदील आमच्या आज्यानं बी सोडलेला पाह्यला हाये. मले एक सांगा, आमच्या चांद्याकडं इरईपाशी पैनगंगेच्या काठावर गोटे हायेत, त्याईच्यावर बर्फानं घासल्याच्या रेघा हायेत म्हणतात. ते याच हिमयुगातले काय? मास्तर सांगत का इथं बी बर्फ होता, अन् आमाले खरं नाही वाटे.

---

अंबाझरीकाठ | सोमवार, रात्री ११:०५

भाऊ, तुमचे मास्तर बरोबर होते. फक्त ते हिमयुग वेगळं, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाजवळ होता, गोंडवना नावाच्या जुन्या महाखंडाचा भाग होता. भूशास्त्रातले लोक त्या थराला तालचीर म्हणतात. इरईचा घासलेला खडक एकोणिसाव्या शतकातच नोंदवला गेला. उष्ण देशात हिमनदीच्या खुणा दिसल्यावर तेव्हाचे भूशास्त्रज्ञ चक्रावले होते. आणि त्या तालचीरच्या थरांच्या वर आपला कोळसा आहे: वणी, चंद्रपूर, उमरेड, कामठी. बर्फ वितळल्यावर वाढलेल्या दलदलीच्या जंगलांचा तो कोळसा.

मी म्हणते ती हिमयुगं गेल्या काही लाख वर्षांतली, साधारण लाख-लाख वर्षांच्या अंतराने येणारी. त्या काळात नागपूर आज आहे तिथेच होतं, इथे बर्फ नव्हता.

---

गाळउपसा | मंगळवार, सकाळी ७:१५

मी सावनेर-कळमेश्वर भागात विहिरी खोदण्याची आणि गाळ काढण्याची कामं घेतो. वीस वर्षं झाली. आधी हात जोडून सांगतो, नुसत्या कंदिलावर भरोसा ठेवू नका. ज्योत टिकली तरी आत दुसरा विषारी वायू असू शकतो, आणि मिथेन असला तर पेटता कंदील भडका घेतो. ब्लोअर लावून पाईपने ताजी हवा तळापर्यंत सोडा, गॅस मोजायचं यंत्र भाड्याने मिळतं ते वापरा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवाच. एक जण आत कोसळला की वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. आमच्या गावात एका दुपारी असे तीन भाऊ गेले. मी काठावर होतो. तो दिवस मला रोज आठवतो.

आता तुमच्या विषयाचं. वीस वर्षांत मी एक गोष्ट पाहून राहिलो. हवा खराब असते ती मुख्यतः उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर. हिवाळ्यात त्याच विहिरीत उतरलो तर काहीच त्रास नाही. थंडीत पहाटे विहिरीतून वाफ निघताना दिसते, जणू विहीर श्वास घेते. याचा तुमच्या झाकणाशी काही संबंध आहे का?

---

अंबाझरीकाठ | मंगळवार, दुपारी १२:२०

गाळउपसा भाऊ, तुमच्या गावच्या त्या तिघांबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. तुमची सूचना मूळ लेखाच्या वर लावायला हवी, संपादकांना विनंती करते. मीही सांगते, आमच्या बाबांच्या काळची पद्धत कोणी करून बघू नका.

तुमचा प्रश्न तर माझ्या सगळ्या लेखापेक्षा मोलाचा आहे. संबंध आहेच. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि विहिरीत २७-२८. थंड हवा जड, ती तळाशी बसलेली. वरून गरम, हलक्या हवेचं झाकण. काहीच हलत नाही, आणि खाली कुजणं चालूच. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १० अंश. आता बाहेरची हवा जड, ती विहिरीत उतरते आणि आतली उबदार, ओली हवा वर येते. तीच तुम्हाला वाफ म्हणून दिसते. तळातला सगळा साठा एका रात्रीत बाहेर.

म्हणजे खाली किती कुजतं एवढ्यावर साठा ठरत नाही. वरखाली होणं किती काळ थांबलं, त्यावर ठरतो. हिमयुगातल्या समुद्राचं हेच झालं. फक्त एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा. विहिरीचं झाकण उन्हाळ्यात बसतं, समुद्राचं झाकण थंडीच्या युगात बसलं. कारण तिथे जडपणा ठरवण्यात मीठ मोठं काम करत होतं. समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा बर्फ जवळजवळ गोडा होतो आणि मीठ खालच्या पाण्यात सुटतं. अंटार्क्टिकाच्या काठाला असं अतिखारट, गोठायला टेकलेलं पाणी तयार होऊन तळाशी जाऊन बसलं. त्याला वर आणणं वाऱ्याला जड गेलं.

---

प्रश्नचिन्ह | मंगळवार, रात्री ९:१०

लेख आवडला, चर्चाही. पण वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाचं पाणी किती खारट होतं, ते किती काळ वर आलं नव्हतं, हे आज कोण सांगणार? ते पाणी तर कधीच मिसळून गेलं. बर्फात हवा अडकते हे पटतं. पाणी कुठे अडकतं? पुरावा समजल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, म्हणून विचारतो आहे.

---

खोलगाळ | मंगळवार, रात्री ११:३०

नमस्कार. मी मावशीची (अंबाझरीकाठ यांची) भाची. तिने फोन करून सांगितलं, तूच उत्तर दे.

पाणी खरोखर अडकतं, गाळात! समुद्रतळावर गाळ साचतो तेव्हा कणांच्या मधल्या फटींत त्या काळचं पाणी राहतं. तळात खोल भोक पाडून काढलेल्या गाळातून ते पिळून काढता येतं. इतक्या वर्षांत मीठ थोडं इकडेतिकडे पसरलेलं असतं, पण ते किती पसरलं हे गणिताने मागे नेता येतं. जेस अ‍ॅडकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे केलं. आज दक्षिण महासागराच्या तळाच्या एक किलो पाण्यात साधारण ३४.७ ग्रॅम मीठ असतं. हिमयुगात तिथे ३७ ग्रॅमच्या आसपास निघालं, तेव्हाच्या खोल समुद्रात मोजलेलं सगळ्यात खारट. आज खोल समुद्रात अटलांटिकचं पाणी जास्त खारट आहे. म्हणजे क्रमच उलटा होता.

आता वय. गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशी जिवांची कवचं असतात. चुन्याची, रव्याच्या कणाएवढी. सूक्ष्मदर्शकाखाली मी ती ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलते. काही जाती पृष्ठभागाजवळ जगतात, त्यांची कवचं फुगलेल्या बुडबुड्यांच्या घोसासारखी. काही तळावर जगतात. दोन्ही मेल्यावर एकाच गाळात शेजारी पडतात. दिवसभर उचलून कधी कधी चिमूटभरही जमत नाहीत.

हवेत किरणोत्सारी कार्बन-१४ सतत तयार होतो आणि दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो. पाणी पृष्ठभागावर असेपर्यंत त्याला नवा मिळतो. खोल गेलं की पुरवठा बंद, फक्त घट. म्हणून एकाच थरातल्या वरच्या आणि तळच्या कवचांतला फरक मोजला की तळाचं पाणी हवेपासून किती काळ तुटलं होतं ते कळतं. ल्यूक स्किनर यांच्या गटाने जगभरच्या अशा मोजण्या एकत्र केल्या (२०१७). हिमयुगात खोल समुद्राचं हे वय आजच्यापेक्षा सरासरी ७०० वर्षांनी जास्त निघालं. सातशे वर्षं जास्त काळ कचरा कुजला, आणि सातशे वर्षं त्याची वाफ सुटली नाही.

तिसरा पुरावा मला सगळ्यात आवडतो. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीत खोल थंड पाण्यातली पोवळी आहेत. त्यांच्या सांगाड्यातल्या बोरॉनवरून तेव्हाच्या पाण्याची आम्लता कळते. जेम्स रे यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की हिमयुगात ते पाणी जास्त आम्ल होतं, म्हणजे त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त भरलेला होता. आणि हिमयुग संपताना ज्या काळात हवेतलं प्रमाण चढलं, त्याच काळात हे पाणी कार्बन सोडत होतं.

प्राणवायू कमी असल्याच्या खुणाही त्या काळच्या गाळात मिळतात. मावशीच्या विहिरीत कंदील विझला तसाच. शिवाय खोल पाणी आम्ल झालं की तळावरची चुन्याची कवचं विरघळतात. त्यामुळे समुद्राचा अल्कधर्मीपणा (आम्लाला मारण्याची ताकद) वाढतो आणि तो हवेतून आणखी कार्बन ओढतो. या सावकाशीच्या मदतीला काही हजार वर्षं लागतात.

---

प्रश्नचिन्ह | बुधवार, सकाळी ८:०५

खोलगाळ ताई, मनापासून आभार. कवचं शेजारी पडतात आणि वयं वेगळी निघतात, हे वाचताना अंगावर काटा आला. पटलं.

---

ध्रुवतारा | बुधवार, दुपारी ४:४०

एक राहून जातंय, लोह. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट भरपूर, तरी वनस्पती हव्या तेवढ्या वाढत नाहीत, कारण लोह मिळत नाही. समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९९० मध्ये मांडलं की हिमयुगात जमीन कोरडी, वारे जोरात, दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाची धूळ उडून समुद्रात पडायची. त्या धुळीतलं लोह मिळून वनस्पती जोमाने वाढल्या आणि कार्बन खाली गेला. अंटार्क्टिकाच्या बर्फात हिमयुगातली धूळ आजच्या सुमारे २५ पट आहे, तेव्हा धूळ पडत होती यात शंका नाही. अर्धं टँकर-जहाज भरून लोह द्या, मी हिमयुग आणून देतो, असं ते १९८८ मध्ये एका व्याख्यानात म्हणाले होते. समुद्रात लोह टाकून बघायचा पहिला प्रयोग १९९३ मध्ये गॅलापागोसजवळ झाला. वनस्पती वाढल्या. मार्टिन त्याआधी काही महिने वारले होते.

आणि आपला देशही यात आहे. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण महासागरात ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह टाकलं. प्रयोगाचं नाव लोहाफेक्स, त्यातला ‘लोहा’ आपलाच. वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक हे त्याचे प्रमुख होते. वनस्पती वाढल्या, पण चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवांनी त्या खाऊन टाकल्या. त्या पाण्यात सिलिका कमी होती, त्यामुळे सिलिकेपासून काचेसारखं कवच करणाऱ्या डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती वाढू शकल्या नाहीत, आणि खोल बुडतो तो कचरा मुख्यतः त्यांचाच. कार्बन फारसा खाली गेला नाही.

मला यातून एवढंच कळतं की धूळ एकटी पुरली नसती. हिमयुगात धूळ हजारो वर्षं पडत राहिली आणि वर झाकणही होतं. दोन्ही एकाच वेळी.

---

सरळ बोलतो | बुधवार, रात्री ८:५५

सगळं वाचलं. माझा आक्षेप नोंदवतो, राग मानू नये. बर्फाच्या नोंदीत आधी तापमान बदलतं आणि मग कार्बन डायऑक्साइड. मग कार्बन कारण कसा? तो तर परिणाम. पृथ्वीची कक्षा बदलते, तापमान बदलतं, समुद्र कार्बन सोडतो नाहीतर घेतो. आजच्या तापमानवाढीशी याचा संबंध का जोडायचा?

---

खोलगाळ | बुधवार, रात्री १०:१५

राग कशाला, दादा. कक्षेचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, सुरुवात तिथूनच होते. पण कक्षेतल्या बदलाने फक्त ऊन कुठे आणि कोणत्या ऋतूत पडतं ते बदलतं. पृथ्वीला वर्षभरात मिळणारी एकूण उष्णता जवळजवळ तेवढीच राहते. तेवढ्यावर सगळी पृथ्वी ५-६ अंशांनी थंड होत नाही, तीही दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी. त्यासाठी कोणीतरी तो धक्का वाढवावा लागतो. ते काम पसरलेल्या बर्फाने आणि कार्बन डायऑक्साइडने केलं.

राहिलं आधी कोण. तुम्ही म्हणता ती जुनी नोंद फक्त अंटार्क्टिकाच्या तापमानाची, तिथलं तापमान कार्बनच्या थोडं आधी वर गेलेलं दिसत होतं. बर्फातले बुडबुडे आजूबाजूच्या बर्फापेक्षा वयाने तरुण असतात, तो फरक नीट मोजल्यावर दोन्ही जवळजवळ एकाच वेळी वाढताना दिसतात (२०१३). आणि जगभरच्या नोंदी एकत्र केल्यावर हिमयुग संपताना जगाचं सरासरी तापमान कार्बन डायऑक्साइडच्या मागोमाग चढलेलं दिसतं (२०१२). एकच गोष्ट आधी परिणाम आणि मग कारण असू शकते. विहिरीचं झाकण उघडणारा वारा वेगळा, पण बाहेर आलेला वायू स्वतःही काम करतोच.

---

सरळ बोलतो | बुधवार, रात्री १०:५०

बुडबुडे बर्फापेक्षा तरुण असतात हे माहीत नव्हतं. का असतात?

---

खोलगाळ | बुधवार, रात्री ११:०५

हिम पडल्यावर वरचे साठ-शंभर मीटर सच्छिद्र असतात, त्यातून हवा खेळत राहते. वरून दाब वाढून ते घट्ट झालं की मगच बुडबुडा बंद होतो. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात बर्फ फार कमी पडतो, त्यामुळे या घट्ट होण्यात काही हजार वर्षंसुद्धा जातात. बर्फ जुना, आतली हवा नवी.

---

अंबाझरीकाठ | गुरुवार, सकाळी ६:३०

रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटे उठून झाकणाची दुसरी बाजू लिहिते. उघडलं तेव्हा काय झालं?

सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी दक्षिण महासागरात वर येणारं पाणी वाढलं. रॉबर्ट अँडरसन यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की त्याच वेळी तिथल्या गाळात डायटमच्या सिलिकेचा थर एकदम जाड होतो. खालून खत भरलेलं पाणी वर आल्याशिवाय एवढे डायटम वाढत नाहीत. पुढच्या सात हजार वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड १९० वरून २६५ भागांच्या आसपास गेला. चढ सरळ नव्हता. पश्चिम अंटार्क्टिकाच्या बर्फात बारकाईने बघितल्यावर तीन उड्या दिसल्या, प्रत्येकी १० ते १५ भागांची, शंभर-दोनशे वर्षांत. कडुलिंबाचा डहाळा फिरल्यावर काठावर आलेला तो वास मला इथे पुन्हा आठवला.

भाचीने हे सांगितल्यावर मी विचारलं, आज किती वेगाने वाढतंय? दर वर्षी सुमारे अडीच भाग. म्हणजे त्या उड्यांपैकी दहा भागांची एक उडी आपण चार वर्षांत घेतो. आज प्रमाण ४२० च्या वर आहे. गेल्या ८ लाख वर्षांच्या बर्फात ३०० च्या वरची नोंद जवळपास सापडत नाही.

माझ्या गच्चीवरून कोराडीच्या वीजकेंद्राचा धूर दिसतो. तो कोळसा वऱ्हाडी भाऊंच्या गोट्यांवरच्या थरांतला आहे. आपण सोडतो त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र आजही घेतो आहे. पण तो घेतो वरच्या पाण्यात. खाली पोचायला शतकं लागतात, आणि वरचं पाणी तापून हलकं होत चाललं आहे. तोवर पृष्ठभागावरचं पाणी आम्ल होतं. माझी भाची ज्यांना ब्रशने उचलते त्या कवचांना याच पाण्यात चुना गोळा करावा लागतो.

---

दोन पोरींची आई | गुरुवार, रात्री ९:२०

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण घरात जे झालं ते सांगावंसं वाटलं. धाकटी सातवीत आहे. हा धागा तिला वाचून दाखवला, तर तिने लगेच विचारलं, मीठ असलं म्हणून पाणी खाली का बसून राहील? मग आम्ही ओट्यावर बघितलंच. काचेची मोठी बरणी घेतली. एका भांड्यात चार चमचे मीठ विरघळवून त्यात निळी शाई टाकली. बरणीत आधी साधं पाणी, आणि मग नळी तळाला टेकवून खारट निळं पाणी हळूहळू सोडलं. अगदी स्पष्ट दोन थर! मोठीने टेबलफॅन लावला, मग बरणी कूलरसमोर ठेवली. वरचं पाणी थरथरलं, खालचं ढिम्म.

मग धाकटीने चमच्याने ढवळायला सुरुवात केली. वरवर ढवळलं तर काही नाही. चमचा निळ्यापर्यंत नेला आणि जोरात फिरवला तेव्हा निळे धागे वर आले आणि सगळी बरणी एकदम फिकट निळी झाली. ती ओरडली, "आई, अठरा हजार वर्षांपूर्वी!"

---

खोलगाळ | गुरुवार, रात्री ९:४५

ताई, तिला सांगा आमच्या प्रयोगशाळेतही आम्ही हेच करतो, फक्त टाकी मोठी असते. दुसरी बरणी भरून न ढवळता ठेवाल का? रोज थर किती पुसट होतो ते तिने पट्टीने मोजून लिहून ठेवावं.

---

दोन पोरींची आई | रविवार, सकाळी ८:१०

खोलगाळ ताई, ठेवली होती. धाकटीने वहीत रोज लिहिलं. पहिल्या दिवशी रेघ दोऱ्यासारखी. आज तिसरा दिवस, सीमा दोनेक सेंटीमीटर रुंद आणि पुसट झाली आहे, पण तळ अजून गडद निळा. कूलर तीन दिवस चालूच आहे. ती विचारते आहे, वर बर्फाचे खडे तरंगवले तर थर जास्त टिकेल का? फ्रीझरमधला ट्रे काढून बसली आहे. दुपारी सांगते.